धुरींच्या दारावरची पितळी पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पाटी आहे. लांबीला वीतभर, रुंदीला चार बोटं. विक्रोळीच्या एका चाळीत, खालून कुजत आलेल्या एका लाकडी दारावर मी दोन स्क्रूंच्या आधाराने बसलेली असते. माझ्यावरची अक्षरं आता इतकी झिजली आहेत की नवीन पोस्टमन आला की मान तिरकी करून मला वाचतो. त्याचा मला राग येत नाही. एके काळी कोणी वाचूच नये म्हणून मला दारावरून उतरवलं होतं. ते दिवस ज्या पाटीने काढले, तिला वाचणाऱ्याची तिरकी मानसुद्धा गोड वाटते.

माझा जन्म घाटकोपरचा. तिथे भांड्यांच्या एका दुकानाच्या मागच्या बाजूला खंडू नावाचा कारागीर बसत असे. लग्नातल्या तांब्यांवर, ताटांवर नावं घालणं हा त्याचा धंदा. दिवसभर त्याच्या हातातली छिन्नी टकटक करत असायची. भांड्यांवर नाव घालून घालून तो कंटाळला होता बहुधा, कारण मला हातात घेतल्यावर तो दुकानदाराला म्हणाला, "चला, आज तरी सपाट काम मिळालं." त्याने मला वाळूने घासलं, कोपरे गोल केले आणि माझ्या छाताडावर मोठ्या अक्षरांत नाव कोरलं : दशरथ लवू धुरी. त्याच्या खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ कोरली : ग्रामस्थ मंडळ, माडवली (मुंबई) यांजकडून सप्रेम भेट. मग अक्षरांत काळी लाख भरली आणि मला फडक्याने पुसून उन्हात धरलं. मी अशी काही चमकले की समोरचा उसाचा रसवाला डोळ्यांवर हात धरून ओरडला, "ए खंडू, बाजूला घे ना ती यार!"

खोटं कशाला सांगू, त्या दिवसापासून मला थोडी घमेंडच चढली.

ही भेट कशासाठी होती, तेही सांगते. माडवली हे मालवणकडचं एक लहानसं गाव. तिथली कितीतरी माणसं मुंबईच्या गिरण्यांत कामाला होती. लालबागच्या एका चाळीत गावाची म्हणून एक खोली होती. त्या खोलीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळाची बैठक भरायची, वर्गणी गोळा व्हायची. कोणी आजारी पडलं, कोणाकडे मयत झालं, गावच्या देवळाचं छप्पर उडालं, की त्या वर्गणीतून पैसे जायचे. ही वर्गणी एका लोखंडी पेटीत असे आणि ती पेटी खजिनदाराच्या घरी. दशरथ धुरी हे त्या मंडळाचे खजिनदार. गिरणीत जिथे कापड विणतात, त्या साळखात्यात ते जॉबर, म्हणजे मुकादम होते. बोलायला कमी, हिशेबाला चोख. त्यांनी एका सहकारी बँकेचं कर्ज काढून मुलुंडला सोसायटीत एक खोली-स्वयंपाकघराचा ब्लॉक घेतला, तेव्हा माडवलीतला मुंबईत स्वतःचा ब्लॉक घेणारा तो पहिला माणूस ठरला. सगळ्या गावाची मान उंच झाली. म्हणून मंडळाने मला करवून घेतलं.

वास्तुशांतीच्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष तुळशीदास नाना मला लाल कापडात गुंडाळून घेऊन आले. नाना म्हणजे सत्तरीचा, काटक, धोतर-टोपीतला माणूस. त्यांनी दारात नारळ ठेवला आणि कोकणी रिवाजाप्रमाणे देवाला गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा, माडवलीच्या म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान मुंबैत आपला घर केल्यान हा. ता घर सुखाचा ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जिन्यापर्यंत उभे असलेले गावकरी एका सुरात म्हणाले. दशरथरावांनी स्वतःच्या हाताने दोन स्क्रू पिळले आणि मी दारावर बसले. त्यांची बायको सुलक्षणा डोळ्यांना पदर लावून हसत होती. मुलगी अनुपमा तेव्हा सात वर्षांची असेल. ती टाचा उंच करून माझ्यावरचं नाव मोठ्याने वाचत होती. स्वतःच्या वडिलांचं नाव ती जिन्यातून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवत होती.

पुढची दोन वर्षं माझे दिवस राणीसारखे गेले. दर शनिवारी अनुपमा स्टूल घेऊन यायची आणि चिंच लावून मला घासायची. दसऱ्याला माझ्यावर झेंडूचा लहानसा हार. समोरच्या ब्लॉकमधल्या प्रेमाकाकू आपल्या पाहुण्यांना सांगायच्या, "आमचं घर म्हणजे त्या सोन्याच्या पाटीसमोरचं." मी पितळेची आहे हे मला ठाऊक होतं. पण मी काही बोलले नाही.

मग गिरण्यांचा संप सुरू झाला.

पहिल्या महिन्यात सगळे म्हणत होते, महिन्याभरात मिटेल. दशरथराव सकाळी सभेला जायचे, संध्याकाळी परत यायचे आणि मला हाताने पुसून आत शिरायचे. दिवाळी आली, तरी संप मिटला नाही. सुलक्षणाने शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाउज शिवायला घेतले. तिच्या हातातल्या बांगड्या गेल्या, दाराबाहेरची सायकल गेली. बँकेचा हप्ता मात्र कसाबसा जात होता. शेवटी तोही थकू लागला. एक थकला, मग दुसरा. आणि पुढच्या वर्षी गणपती आले.

मित्रांनो, मुंबईतल्या कोकणी माणसाला गणपतीत गावी जाऊ नको म्हणणं म्हणजे श्वास घेऊ नको म्हणण्यासारखं आहे. पण दशरथराव नुसते गेले असते, तर वेगळं. ते ब्लॉकवाले होते. गावात त्यांना सगळे 'ब्लॉकवालो दशरथ' म्हणत. रिकाम्या हाताने वाडीत शिरायचं कसं? बँकेत भरायला म्हणून सुलक्षणाने शिलाईचे पैसे डब्यात साठवले होते. ते त्यांनी काढले आणि सगळ्या वाडीसाठी मिठाईचे पुडे, भावजयांना साड्या, देवळाला झांजा घेतल्या. निघताना सुलक्षणा दारात एवढंच म्हणाली, "अहो, गावात जरा खरं सांगून टाका ना. संप काय आपल्या एकट्यावर आलाय?"

"संपाचं सांगेन," ते म्हणाले. "घराचं नाही सांगणार. तू पण कुठे बोलू नको."

गावाहून आल्यावर बँकेची पाकिटं येऊ लागली. दशरथराव ती उघडतही नसत. आणि एका दुपारी, सुलक्षणा कपडे द्यायला खाली गेली असताना, ते स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.  मला वाटलं, घासायला काढताहेत. त्यांनी मला जुन्या बनियनमध्ये गुंडाळलं आणि दारावरच्या माळ्यावर, तोंड भिंतीकडे करून ठेवून दिलं.

संध्याकाळी सुलक्षणाने विचारलं, "पाटी कुठे गेली?"

"असू दे आत."

"असू दे म्हणजे? मंडळाची पाटी आहे ती. नाना आले तर काय सांगाल?"

"बँकेचा माणूस आला की दारावर नाव वाचणार आणि मग हाका मारणार. सगळ्या सोसायटीला ऐकू जाणार. नाव नसलं म्हणजे येईल आणि परत जाईल." मग त्यांनी अनुपमाला जवळ बोलावलं. "अनू, कोणी विचारलं ना, धुरी इथे राहतात का, तर म्हणायचं, ते गेले इथून. समजलं?"

अनुपमाने मान हलवली. ती दहा वर्षांची झाली होती. सगळं समजण्याइतकी मोठी आणि 'नाही' म्हणता येऊ नये इतकी लहान. सुलक्षणा स्टोव्हकडे तोंड करून उभी राहिली. मला माळ्यावर अंधारात पहिल्यांदाच माझ्या अंगावरच्या नावाची लाज वाटली. पुढे किती दिवस ती वाटत राहिली, ते सांगण्यात अर्थ नाही.

माळा बरोबर दारावर होता, त्यामुळे बाहेरचं बोलणं मला नीट ऐकू यायचं. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी जिन्यात नवखी पावलं वाजली. अनुपमा बाहेर सागरगोटे खेळत बसली होती. दारावर टकटक झाली. आत दशरथराव आणि सुलक्षणा श्वास रोखून बसले.

"काय गं बाळ," बाहेरून एक मऊ आवाज आला, "दशरथ लवू धुरी इथेच राहतात ना?"

सागरगोट्यांचा आवाज थांबला.

"नाही. ते गेले इथून."

"कुठे गेले?"

"माहीत नाही."

पावलं थोडा वेळ तिथेच घुटमळली आणि खाली उतरली. मित्रांनो, जी मुलगी टाचा उंच करून सगळ्या इमारतीला माझ्यावरचं नाव वाचून दाखवायची, तीच ही. ती आत आली आणि न जेवता झोपली. दशरथरावही त्या दिवशी जेवले नाहीत. चार दिवसांनी तो माणूस पुन्हा आला. पुन्हा तेच झालं.

संक्रांत उलटून गेल्यावर तो तिसऱ्यांदा आला. या खेपेला त्याच्याबरोबर खळीचं डबडं घेतलेला शिपाई होता. दारावर थाप पडली तशी दशरथराव उठून मोरीत गेले आणि त्यांनी आतून कडी घातली. सुलक्षणा क्षणभर त्या बंद मोरीकडे बघत राहिली असावी. मग तिने सरळ जाऊन दार उघडलं.

"नमस्कार. मी बँकेतून आलोय, मधुकर सामंत. इथे आधी दशरथ धुरी म्हणून राहायचे..."

"आधी कशाला? अजून राहतात. मी त्यांची बायको."

 तो माणूस जवळजवळ कळवळून म्हणाला, "अहो वहिनी, मी दोनदा येऊन गेलो की! दारावर पाटी नाही, नुसती स्क्रूची भोकं. ती लहान मुलगी म्हणाली, धुरी गेले इथून."

"आत या," सुलक्षणा म्हणाली. "जे असेल ते बसून सांगा. चहा ठेवते."

सामंत खुर्चीच्या टोकावर बसला. कप हातात घेऊन त्याने जे सांगितलं, ते ऐकून माळ्यावर माझं पितळ गार पडलं. संपातल्या कर्जदारांसाठी बँकेने दिवाळीपूर्वी एक सोय काढली होती. थकलेलं व्याज कर्जात मिळवायचं, मुदत लांबवायची, आणि महिन्याचा हप्ता निम्म्यावर आणायचा. माणसाने फक्त बँकेत येऊन सही करायची होती. "मी वसुलीला आलोच नव्हतो हो," तो म्हणाला. "ते सांगायला आलो होतो. पत्रांना उत्तर येईना, म्हटलं स्वतः जाऊन सांगू. तुमच्यासारख्या कितीतरी लोकांची घरं राहिली त्यात. पण मी परत जाऊन काय सांगणार? साहेबांनी तुमच्या केसवर शेरा मारला, कर्जदार घर सोडून गेला. आता ती मुदत संपली, आणि घर लिलावाला निघालंय."

मोरीत नळ गळत होता. 

"आता काहीच नाही होणार?" सुलक्षणाने विचारलं.

"सगळी थकबाकी एकदम भरलीत, तर लिलाव आजही थांबेल."

"तेवढे कुठून आणू? एक खोली भाड्याने दिली तर? आम्ही तिघं स्वयंपाकघरात राहू."

"मागेच दिली असतीत तर हप्ता निघाला असता. आता त्या भाड्याने थकबाकी भरून निघायची नाही, वहिनी." त्याने कप खाली ठेवला. "माझं ऐकाल? घर तुम्हीच विका. बँक नाही म्हणणार नाही. लिलावात घर मातीमोल जातं, बोली लावणारे टपूनच असतात. तुम्ही सरळ गिऱ्हाईक आणलंत, तर कर्ज फिटून चार पैसे हातात राहतील. लहानशी खोली येईल त्यात. पण आता लपू नका. लपलात तर वाट लागेल."

मग तो उठला. नोटीस दारावर लावणं त्याला भागच होतं. कागद हातात धरून तो अवघडून उभा राहिला. "कुठे लावू?"

"पाटी होती तिथेच लावा," सुलक्षणा म्हणाली.

खळीचा कुंचला माझ्या जागेवरून फिरला. तो सरसर आवाज मी ऐकला. माझ्या दोन भोकांवर कागद बसला.

ती माणसं गेल्यावर मोरीची कडी निघाली. दशरथराव बाहेर आले ते भिंतीला धरून.

"ऐकलंत ना आतून?" सुलक्षणा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तो माणूस आपलं घर वाचवायला आला होता. आणि आपण पोरीला दारात बसवून त्याला परत पाठवलं."

दशरथराव खाली बसले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "मला तोंड दाखवायला जागा नाही गं राहिली."

"तोंडाचं नंतर बघू. अजून वेळ आहे. मंडळात जा. नानांना सांगा. पाच-पन्नास माणसं आहेत, थोडे थोडे घातले तरी थकबाकी भरेल. आपण नाही का सगळ्यांच्या वेळेला धावलो?"

"मंडळात?" ते एकदम ताठ झाले. "अगं, मी खजिनदार आहे. खजिनदाराच्या दारावर जप्तीचा कागद लागला हे कळलं, तर लोक आधी काय करतील? मंडळाची पेटी मोजतील. एक पैसा इकडचा तिकडे केलेला नाही मी. पण माझ्यासमोर बसून कोणी ती पेटी मोजली, तर मी जिवंत राहणार नाही."

 दुसऱ्याच रविवारी दशरथरावांनी गावच्या सहदेव नावाच्या माणसाबरोबर ती लोखंडी पेटी लालबागला पाठवून दिली. तब्येत बरी नाही, दुसरा खजिनदार नेमा, असा निरोप दिला. बैठकीला जाणं बंद केलं.

ब्लॉक विकला गेला. प्रेमाकाकूंच्या भावाने तो घेतला, आणि रास्त भावाने घेतला. सामंताने बँकेत पळापळ करून कागद लवकर मोकळे करून दिले. कर्ज फिटलं आणि उरलेल्या पैशांत विक्रोळीला चाळीतली एक खोली मिळाली. निघायच्या दिवशी सामान खाली गेल्यावर दशरथराव एकटेच वर आले. त्यांनी दारावरचा उरलासुरला कागद ओल्या फडक्याने पुसला, माझी दोन भोकं लांबी भरून बुजवली आणि वरून रंगाचं बोट फिरवलं. नव्या मालकाला दार नीट मिळावं म्हणून. मी तेव्हा खाली टेम्पोत, पत्र्याच्या ट्रंकेत होते. हे अनुपमाने नंतर आईला सांगितलं, तेव्हा मला कळलं.

विक्रोळीला आल्यावर दशरथरावांना एका कारखान्यात स्टोअरमध्ये काम मिळालं. पगार गिरणीपेक्षा कमी, पण महिन्याच्या महिन्याला हातात पडायचा. घरात पुन्हा बांगडे तळले जाऊ लागले. सगळं हळूहळू मार्गी लागत होतं, पण मला कोणी ट्रंकेतून काढलं नाही. माझ्या अंगावर हिरवट डाग चढले. दारावर नाव नव्हतंच. पोस्टमन चाळीच्या तोंडाशी हाक मारायचा.

त्यातच एक दिवस देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या कोयरीत मंडळाच्या पेटीची चावी सापडली. पेटी पाठवायच्या घाईत ती इथेच राहिली होती. सुलक्षणा म्हणाली, जाऊन देऊन या. दशरथराव नुसते चावीकडे बघत बसले. "इतक्या महिन्यांनी कुठल्या तोंडाने जाऊ? लोक म्हणतील, चावी मुद्दाम ठेवून घेतली." चावी परत कोयरीत गेली. आणि त्या दिवसापासून ते देवाला नमस्कारसुद्धा लांबूनच करू लागले. काही न केलेला माणूस चोरासारखा जगू लागला, मित्रांनो, आणि हे ट्रंकेत पडल्या पडल्या मला ऐकावं लागत होतं.

साधारण वर्ष झालं असेल. एका रविवारी सकाळी दशरथराव दाढी करत बसले होते. अनुपमा दारासमोर भांडी घासत होती. बाहेर काठी टेकत टेकत कोणीतरी आलं आणि दम खात थांबलं.

"गो बाय, दशरथ लवू धुरी खंय ऱ्हवता?"

अनुपमाने मान वर केली असेल. म्हातारा किती बदलला होता कोण जाणे, तिने त्याला ओळखलं नाही. किंवा ओळख पटायच्या आधीच जुनी सवय तोंडात आली.

"माहीत नाही," ती म्हणाली. "ते गेले इथून."

आत वस्तऱ्याचा आवाज थांबला.  आता तर कर्जही राहिलं नव्हतं. लपायला कारण राहिलं नव्हतं. तरी ते एक वाक्य दशरथरावांनी शिकवलं होतं आणि ते मुलीच्या तोंडात तसंच राहून गेलं होतं.

स्टूल सरकलं. अर्ध्या तोंडाला साबणाचा फेस तसाच ठेवून दशरथराव दारात आले.

"हयच ऱ्हवतंय, नाना," ते म्हणाले. "मी खंयसर गेलंय नाय. आणि ह्या माझाच चेडू, अनू. खोटा बोलूक मीच शिकयलंय तेका."

आणि ते म्हाताऱ्याच्या पायांवर कोसळले. उंबऱ्यात, सगळ्या चाळीसमोर, लहान पोरासारखे हुंदके देत त्यांनी सगळं सांगितलं. हप्ते, गणपतीतल्या साड्या, मोरीत लपणं, परत गेलेला सामंत, सगळं. चाळीतल्या बायका नळावर घागरी तशाच ठेवून उभ्या राहिल्या. सुलक्षणा त्यांना आत बोलावत होती, पण ते उठेनात.

 सगळं ऐकून झाल्यावर नाना म्हणाले, "मेल्या, आमका येक शबूद तरी सांगाचा होता. घर वाचला असता रे."

"नाना, तुमी पेटी मोजलास?" दशरथरावांनी मान खाली घालूनच विचारलं.

"मोजतलव कशी? चावी खंय आसा? कुलूप फोडूक आमी काय दरोडेखोर?" नानांनी मागे वळून हाक मारली. सहदेव बोळात उभा होता, डोक्यावर तीच लोखंडी पेटी घेऊन. "वरसभर बिस्कुटाच्या डब्यात वर्गणी जमवतव आमी. दुसरो खजिनदार कोण नेमलो नाय. जेची पेटी तेका पोचवूक इलंय. मुलुंडाच्या शेजारणीन विक्रोळी म्हणून सांगल्यान, पण तुझा घर काय गावना. सकाळपासून चाळी हुडकतंय." मग त्यांनी उघड्या दाराकडे काठीने दाखवलं. "आमची पाटी खंय आसा?"

दशरथरावांनी कोपऱ्यातल्या ट्रंकेकडे बोट केलं.

"घर गेला म्हणून पाटी गेली?" नाना म्हणाले. "ती आमी ब्लॉकाक दिलेली नाय रे. तुका दिलेली."

ट्रंक उघडली ती अनुपमाने. इतक्या दिवसांनी माझ्या अंगावर उजेड पडला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काळीहिरवी पडले होते, ओळखूसुद्धा येत नव्हते. अनुपमाने सुलक्षणाकडून चिंच मागून घेतली. ती तिथेच मोरीशी बसून मला घासू लागली. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडत होतं आणि ती ते चिंचेबरोबर घासून टाकत होती. आधी 'दशरथ' दिसू लागलं, मग 'लवू', मग 'धुरी'. शेवटी खालची बारीक ओळ.

दशरथरावांनी फेस पुसला. कोयरीतली चावी आणून नानांच्या हातावर ठेवली. नानांनी ती तशीच त्यांच्या मुठीत परत दाबली. सहदेवने स्क्रू पिळायला हात पुढे केला, पण दशरथराव म्हणाले, "नको. मीच लावतो." त्या जुन्या फळीत स्क्रू नीट धरेनात. एक तर आजही थोडा वाकडाच आहे.

नानांनी टोपी सारखी केली आणि दारासमोर उभं राहून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा, माडवलीच्या म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराची जी काय चूकभूल झाली असात, ती पोटात घाल. आणि ह्या दारात येणाऱ्या माणसाक परत धाडू नको रे म्हाराजा!"

त्या दिवशी जिन्यापर्यंत गर्दी नव्हती. सहदेव होता, सुलक्षणा होती, नळावरच्या दोन-तीन बायका होत्या. पण "व्हय म्हाराजा!" म्हणताना सगळ्यांत मोठा आवाज दशरथरावांचा होता.

मित्रांनो, नाना आता नाहीत. पेटी अजून इथेच आहे. पहिल्या रविवारी गावचं कोणी ना कोणी ती न्यायला येतं आणि मला वाचून दार वाजवतं. मी पितळेची साधी पाटी, मला जगाचं फार कळत नाही. पण तुमच्या घरी एखादी जुनी पाटी असेल, तर तिला अधूनमधून चिंच लावत जा, तिला काळी पडू देऊ नका. आणि घरावर कधी वाईट दिवस आले, तर आईबाबांना सांगा, दारावरचं नाव काढू नका. दार वाजवणारा माणूस काय सांगायला आला आहे, ते आधी ऐकून घ्या. वेळेत ऐकलं तर पुष्कळ वाटा मोकळ्या असतात. आम्ही ऐकलं तेव्हा एकच उरली होती.

परवाच एक अनोळखी माणूस चाळीच्या तोंडाशी विचारत होता, धुरींचं घर कुठलं. अनुपमा आता कॉलेजात जाते. ती पुस्तकं छातीशी धरून घाईने निघाली होती, बस चुकणार होती. तरी ती थांबली, अख्खा बोळ मागे फिरली, त्या माणसाला माझ्यासमोर आणून उभं केलं आणि माझ्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "दशरथ लवू धुरी. माझे बाबा. या, आहेत घरी."